मॉड्युलर सिंथेसायझरला ॲनालॉग संगणक जोडावा का?

फोंड्याचा_पार्श्वसंगीतकार

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात राहतो आणि हौशी मराठी नाटकांना पार्श्वसंगीत देतो. एकेक मॉड्यूल जमवत गेल्या चार वर्षांत मी युरोरॅकची, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून बनवायच्या सिंथेसायझरची, एक पेटी उभी केली आहे. तीत दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे), एक फिल्टर, दोन एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारे), एक रिंग मॉड्युलेटर (दोन सिग्नलांचा गुणाकार करणारा) आणि थोडे मिक्सर आहेत. आता ‘द ॲनालॉग थिंग’ हा लहानसा जर्मन ॲनालॉग संगणक, म्हणजे आकड्यांऐवजी बदलत्या विद्युतदाबांनी समीकरणे सोडवणारे यंत्र, मागवावा, असे मनात आहे.

माझी खरी अडचण वादळाच्या प्रसंगाची आहे. एलएफओ (इतर भागांना हळूहळू हलवणारे मंद ऑसिलेटर) कितीही एकमेकांत गुंतवले, तरी काही मिनिटांनी तोच फेरा परत येतो. प्रेक्षकांच्या ते लक्षात येत नाही, परंतु रोज तालमीला बसणारे नट आता गडगडाट कधी होणार हे आधीच ओळखतात. संगणकामुळे यातून सुटका होईल का, की माझ्या पेटीत आहे तेच मी वेगळ्या नावाने विकत घेईन? शिवाय दोन्ही यंत्रे थेट जोडली तर काही जळणार नाही ना? वीजपुरवठ्याची पट्टी उलटी लागल्याने माझे एक मॉड्यूल यापूर्वी कायमचे गेले आहे, म्हणून विचारतो.

डिचोली_इलेक्ट्रॉनिक्स

आपण दुसऱ्या नावाने तेच घेत आहात ही शंका निम्मी खरी आहे. आपला फिल्टर स्टेट-व्हेरिएबल जातीचा असेल, तर त्याच्या पोटात दोन इंटिग्रेटर (आत येणारा दाब काळानुसार साठवत जाणारे घटक) आणि एक बेरजेचा घटक एका वळशात बसवलेले आहेत. केर्विन, ह्युल्समन आणि न्यूकोम यांनी १९६७ साली मांडलेली ही रचना म्हणजे दुसऱ्या घाताचे अवकल समीकरण ॲनालॉग संगणकावर सोडवण्याचीच रीत होय. आपला रिंग मॉड्युलेटरही मल्टिप्लायरच, म्हणजे दोन दाबांचा गुणाकार करणारा घटकच आहे, फक्त तो स्थिर विद्युतदाबाचा गुणाकार करतो की नाही हे एकदा तपासून पाहावे. फरक असा, की फिल्टरच्या आतल्या जोडण्या कारखान्यात कायमच्या झालेल्या असतात. संगणकात प्रत्येक इंटिग्रेटर मोकळा असतो आणि कोणाचे बाहेर आलेले कोणाच्या आत घालायचे, हे आपण ठरवता.

वादळासाठी मी शास्त्रज्ञ रोसलर यांची १९७६ सालची समीकरणे सुचवीन; त्यांत x, y आणि z या तीन राशी सतत बदलत राहतात. त्यांना तीन इंटिग्रेटर आणि एकच मल्टिप्लायर लागतो; आपण म्हणता त्या संगणकात पाच इंटिग्रेटर आणि दोन मल्टिप्लायर आहेत. नेहमीचे गुणांक ०.२, ०.२ आणि ५.७ घेतले, तर x आणि y एकमेकांभोवती घिरट्या घालतात, मात्र कोणतीही घिरटी आधीच्या घिरटीवर नेमकी बसत नाही. z मात्र बराच काळ शून्याजवळ पडून राहतो आणि एकाएकी उसळतो. आपल्या कामाला हा z सोन्यासारखा आहे. x फिल्टरच्या कटऑफला (आवाज जिथून कापला जातो त्या मर्यादेला) द्यावा, y आवाज डावी-उजवीकडे फिरवण्यास द्यावा आणि z गडगडाटाच्या व्हीसीएला (दाबाने आवाज लहान-मोठा करणाऱ्या मॉड्यूलला) द्यावा. वाऱ्याचा झोत आणि विजेचा कडकडाट एकाच समीकरणातून आल्यामुळे ते एकमेकांना धरून राहतील, आणि वेगवेगळे एलएफओ लावून नेमके तेच साधत नाही. यासाठी इंटिग्रेटर मंद गतीवर ठेवावे लागतील.

जोडण्यापूर्वी मोजमाप मात्र करावेच लागेल. x आणि y सुमारे १२ पर्यंत जातात, z २० च्या वर जातो, आणि संगणकाला आपल्या एककात फक्त उणे १ ते अधिक १ एवढेच कळते. म्हणून x आणि y यांना १५ ने, तर z ला ३० ने भागून समीकरणे पुन्हा लिहावीत आणि मगच तारा लावाव्यात. हे न केल्यास ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि वादळाऐवजी भिंतीवर डोके आपटल्यासारखा आवाज येतो.

आता जळण्याबद्दल. या संगणकाचे एकक म्हणजे ±१० व्होल्ट, आणि युरोरॅकचा पुरवठा ±१२ व्होल्टचा असल्यामुळे बहुतेक मॉड्यूलना एवढा दाब सोसतो. तरी मध्ये ॲटेन्युएटर (दाब कमी करणारा घटक) ठेवावा, कारण पिचच्या छिद्रात सरळ ±१० व्होल्ट घातले तर १ व्होल्टला १ सप्तक या हिशेबाने २० सप्तकांची झेप होईल, आणि माणसाचे कान जेमतेम १० सप्तके ऐकतात. दुसरी गोष्ट जमिनीची. ३.५ मिमीच्या तारेत सिग्नल आणि ग्राउंड दोन्ही असतात, परंतु संगणकाच्या २ मिमीच्या बनाना तारेत सिग्नलच असतो. दोन्ही यंत्रांचे ग्राउंड एका वेगळ्या तारेने जोडले नाही, तर गुरगुर सोडून दुसरे काही ऐकू येणार नाही. कोणी जुना व्हॉल्व्हचा संगणक देऊ केला, तर तो सिंथेसायझरला मुळीच जोडू नये. त्यांपैकी अनेकांत ±१०० व्होल्ट खेळत असतात.

घुमटाच्या_नादात

वरील उत्तराशी सहमत आहे, पण केवळ मंद नियंत्रणासाठी हा संगणक वापरणे मला अपुरे वाटते. मी त्याच्यावर घुमट या मडक्याच्या चर्मवाद्याचा नाद करून पाहिला. चतुर्थीच्या आरत्यांत आपण ते ऐकतोच, आणि २०१९ पासून ते गोव्याचे वारसा वाद्य म्हणूनही घोषित आहे. एक हात चामड्यावर पडतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा मडक्याचे अरुंद तोंड झाकत-उघडत राहतो. म्हणजेच कातड्याचे कंपन आणि मडक्यातील हवेचे कंपन अशी दोन कंपने एकमेकांना ओढत असतात. प्रत्येक कंपनाला दोन, असे चार इंटिग्रेटर लागतात, आणि अवमंदन, ताठपणा व परस्परांवरचा जोर यांसाठी संगणकाच्या आठांपैकी किमान सहा पोटेंशिओमीटर (गुणांक ठरवणाऱ्या खुंट्या) खर्ची पडतात. थाप म्हणून युरोरॅकमधील अगदी आखूड पल्स (विद्युतदाबाचा क्षणिक ठोका) कातड्याच्या पहिल्या इंटिग्रेटरला द्यावी. हवेच्या ताठपणाचा खुंटा हाताने फिरवला, की तोंड झाकल्यासारखा नाद खाली उतरतो. खऱ्या घुमटाची सर त्याला येत नाही, आणि यावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

फोंड्याचा_पार्श्वसंगीतकार

आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. या घुमटाला कीबोर्डवरून १ व्होल्टला १ सप्तक अशा सुरात वाजवता येईल का?

डिचोली_इलेक्ट्रॉनिक्स

नाही, निदान सहजासहजी नाही. इंटिग्रेटरची कंप्रता दाबाने बदलायची, तर प्रत्येक इंटिग्रेटरच्या आधी एक मल्टिप्लायर लावावा लागतो. म्हणजे एका साध्या साइन ऑसिलेटरलाच आपले दोन्ही मल्टिप्लायर संपतात आणि घुमटासाठी काही उरत नाही. शिवाय तो बदल सरळ प्रमाणात होतो. सप्तकांसाठी बाहेर एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर, म्हणजे दर व्होल्टला कंप्रता दुप्पट करणारा घटक, हवा. तसा ऑसिलेटर एकदा करून मात्र पाहा. त्यातून ९० अंशांच्या कलांतराचे दोन तरंग मिळतात, आणि नियंत्रणाचा दाब शून्याखाली नेला की फिरण्याची दिशाच उलटते. सूर धरायचे काम आपल्या युरोरॅकच्या ऑसिलेटरकडेच राहू द्यावे.

थोडे विषयांतर करतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र मित्र यांनी त्याच्याही आधी, १९५३ साली, दहा चलांची रेषीय समीकरणे सोडवणारा ॲनालॉग संगणक बांधला होता. दोन्ही यंत्रे आपल्या देशात होती, पण एका टेबलावर कधी आली नाहीत, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

घुमटाच्या_नादात

एक व्यावहारिक सूचना राहिली. आपल्याकडचा जून-जुलै या यंत्राला मानवत नाही. ओलसर हवेमुळे बोर्डावर सूक्ष्म गळती होते, इंटिग्रेटर आपोआप एका बाजूला सरकू लागतात आणि काल जुळवलेले वादळ आज एका कोपऱ्यात जाऊन बसते. यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि नाट्यस्पर्धेच्या दिवशी प्रयोगापूर्वी किमान अर्धा तास सुरू करून तापू द्यावे. गुणांकांच्या खुंट्या कोणत्या आकड्यावर होत्या ते वहीत लिहून ठेवावे, कारण या यंत्रात ‘सेव्ह’चे बटण नाही.