मदत हवी आहे: जहाजांच्या जुन्या लॉगबुकवरून मान्सूनचा अभ्यास

नमस्कार मंडळी. मी सांगलीत भूगोल शिकवतो. भारतीय हवामान खातं सुरू झालं 1875 मध्ये. त्याआधीचा मान्सून शोधायचा तर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची लॉगबुकं फार कामाची. अरबी समुद्रात वारा नैऋत्येकडून कधी वाहू लागला, हे त्यांत रोजच्या रोज सापडतं. पुढे काहींत बॅरोमीटरचे आकडेही मिळतात.

अडलंय ते तारखांवर. तेव्हाचा सागरी दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, म्हणजे लॉगमधली 5 जूनची दुपार आपल्या हिशेबानं 4 जूनची! ब्रिटिश नौदलानं ही पद्धत 1805 मध्ये सोडली. कंपनीच्या एखाद्या जहाजानं सोडली की नाही, हे लॉगवरूनच कसं ओळखायचं?

दुसरं, लॉगमध्ये जोरदार वाऱ्यासाठी लिहिलेल्या ‘फ्रेश गेल’ला बोफोर्टचा (वाऱ्याचा जोर आकड्यांत मांडणाऱ्या मोजपट्टीचा) 8 क्रमांक सरसकट द्यावा का? मला ते धाडसाचं वाटतं. लिहिणारा खलाशी बदलला की वाराही बदलतो.

आणि 1791-92 च्या दुष्काळाबद्दल, पटवर्धनांच्या मोडी कागदांत पाऊस लांबल्याच्या नोंदी कुणी वाचल्यात का? मिती-वारासकट असतील तर सोन्याहून पिवळं. मिरज, तासगाव, कुठंही यायची तयारी आहे.