रोजच्या वापरातली गाडी आणि 'फुल इन्शुरन्स' : टॉवेलचे गठ्ठे, सोबतच्या दोघी आणि भाच्याचे शिकणे यांतले विम्यात काय बसते?

हातमाग_१३ (प्रश्न)

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेल शिवण्याचा आणि पॅकिंगचा छोटा कारखाना आहे. गाडी यजमानांच्या नावावर असून ती चार वर्षांची, बाराशे सीसीची, पेट्रोलवर चालणारी आहे. चालवते मात्र बहुतेक वेळा मीच. नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा एजंटांना नेमके काय कव्हर आहे असे विचारले, तर "तुमचा फुल इन्शुरन्स आहे, काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. माझे समाधान झाले नाही, म्हणून आमचा रोजचा वापर जसा आहे तसा येथे लिहिते.

सकाळी कारखान्यात जाताना आमच्या हिशेबनीस आणि पॅकिंगच्या सुपरवायझर माझ्यासोबत येतात आणि दोघीही दर महिन्याला पेट्रोलचे पैसे देतात. टेम्पो आला नाही, तर टॉवेलचे चार-पाच गठ्ठे डिकीत आणि मागच्या सीटवर टाकून मी चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवते. रविवारी भाचा याच गाडीवर शिकतो. त्याच्याकडे लर्निंग लायसन्स आहे. सासूबाईंना घेऊन तुळजापूरला आणि अधूनमधून नणंदेकडे विजयपूरला जाणे होते. शिवाय गेल्या महिन्यात नवी पेठेत उभ्या गाडीचा मागचा बंपर कोणीतरी फोडला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा आमचा मूळ हप्ता सुमारे ७,००० रुपये आहे आणि त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस (आधी क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) मिळणार आहे. झिरो डेप (घसारा कापला जाऊ नये म्हणूनचे जादा संरक्षण) घेतलेले नाही. यांपैकी कशाला विम्याचे संरक्षण आहे आणि कशाला नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाहणीदार

ताई, मी बरीच वर्षे मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे अपघातानंतर गाडीच्या नुकसानीची पाहणी करणारा, म्हणून सोलापूर आणि धाराशिव भागात काम केले आणि आता निवृत्त आहे. 'फुल इन्शुरन्स' हा शब्द पॉलिसीत कुठेही नसतो. पॉलिसीचे मुळात दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. तो मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा आहे. दुसरा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. हे दोन्ही एकत्र घेतले की लोक त्याला 'फुल' म्हणतात. परंतु तुमच्या प्रश्नांची उत्तरे या दोन भागांपेक्षाही पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या दोन कलमांत आहेत : गाडीच्या वापराच्या मर्यादा आणि गाडी कोणी चालवावी. मला भेटलेल्या बहुतेक गाडीमालकांनी ही कलमे क्लेम अडल्यावरच प्रथम वाचली होती, याचे मला नेहमी वाईट वाटत आले.

खाजगी गाडीच्या पॉलिसीतील वापराचे कलम असे सांगते की गाडी कोणत्याही कामासाठी वापरता येईल. मात्र भाड्याने प्रवासी नेणे, नमुने आणि स्वतःचे सामान सोडून अन्य माल वाहणे, शर्यती किंवा वेगाच्या चाचण्या आणि मोटारींच्या धंद्याशी संबंधित वापर यांना संरक्षण नाही. काही देशांत कामावर जाण्यायेण्यासाठी वेगळा वर्ग आणि वेगळा हप्ता असतो. आपल्याकडे तसा भेद नाही. म्हणून जुळे सोलापूर ते एमआयडीसी हा रोजचा प्रवास, बँकेतील कामे, व्यापाऱ्यांच्या भेटी आणि तुळजापूरची वारी हे सारे व्यवस्थित बसते. विजयपूर कर्नाटकात असले तरी पॉलिसी संपूर्ण भारतासाठी असते, त्यामुळे तीही चिंता नको. व्यापाऱ्याला दाखवण्यासाठी दोन-चार टॉवेल नेले तर ते नमुने झाले. ऑर्डरचे पाच गठ्ठे पोहोचवणे ही मात्र मालवाहतूक आहे आणि तिथे तुम्ही कलमाबाहेर जाता, मग माल स्वतःच्या कारखान्याचा असो किंवा दुसऱ्याचा.

भाच्याबद्दल सांगतो. वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने गाडी चालवू शकते आणि पॉलिसी तिला मान्यता देते. लर्निंग लायसन्स असलेल्यालाही मान्यता आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ पाळला गेला असेल तरच : पक्का परवाना असलेली आणि गाडी ताबडतोब थांबवू शकेल अशी व्यक्ती शेजारी बसलेली हवी आणि गाडीला पुढे व मागे लाल 'एल' हवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा हेच विचारतो की शेजारी कोण होते आणि त्यांचा परवाना कुठे आहे.

बंपरचा हिशेब सोपा आहे. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, कापला जातो आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये स्वतःला सोसावे लागतात. नवा बंपर ४,००० रुपयांचा धरला, तर २,००० घसाऱ्यात आणि १,००० सक्तीच्या कपातीत जाऊन हाती १,००० येतील. त्याच्या बदल्यात ७,००० वर ४५ टक्के, म्हणजे ३,१५० रुपयांची सवलत जाईल आणि बोनस पुन्हा शून्यापासून मोजला जाईल. हा खर्च खिशातून केलेला बरा. याचप्रमाणे खड्ड्यात आपटून केवळ टायर फाटला आणि गाडीला इतरत्र काहीच झाले नाही, तर साध्या पॉलिसीत टायरचा क्लेम मिळत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाडही विम्याचे विषय नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा मोहोळ, माढा भागात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. पुराचे नुकसान साध्या पॉलिसीत येते. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि पाणी आत ओढले जाऊन इंजिन जाम झाले, तर ते नुकसान मालकाच्या कृतीतून झालेले ठरवून नाकारले जाते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण हप्ता भरून घ्यावे लागते. ते घेतले असो वा नसो, पाण्यात किल्ली फिरवू नये आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.

चादरवाला

गठ्ठ्यांचा विषय निघाला म्हणून स्वतःचा अनुभव लिहितो. तो माझ्या चुकीचाच होता. मी चादरींचा व्यापारी आहे. काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या घाईत मागची सीट आडवी करून गठ्ठे भरले आणि पुणे रस्त्याने निघालो. मोहोळच्या अलीकडे एक दुचाकी अचानक आडवी आली, तिला वाचवताना गाडी दुभाजकावर चढली. माणसे सुदैवाने वाचली. सर्व्हेअर गॅरेजमध्ये आले तेव्हा गठ्ठे अजून गाडीतच होते. त्यांनी गोणपाटावर मारलेल्या क्रमांकांचे फोटो घेतले, बिलटी (माल पाठवल्याची पावती) मागितली आणि "माल कोणाला चालला होता?" एवढा एकच प्रश्न विचारला. मी खरे सांगितले आणि आजही त्याचा पश्चात्ताप नाही, कारण खोटे निवेदन दिले असते तर संपूर्ण क्लेमच त्या एका कारणावर गेला असता.

विमा कंपनीने प्रथम क्लेम नाकारला. पुढे बराच पत्रव्यवहार झाल्यावर सर्व्हेअरने ठरवलेल्या ६८,००० रुपयांच्या ७५ टक्के, म्हणजे ५१,००० रुपये मंजूर झाले. आतल्या चादरी चिखलाने खराब झाल्या होत्या, त्यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण मोटार विमा गाडीचा असतो, मालाचा नव्हे; मालाला ट्रान्झिटचा विमा वेगळा काढावा लागतो. चाटी गल्लीपर्यंतचे टेम्पोभाडे कितीसे असते? तेव्हापासून मी गाडीत नमुन्यांच्या पिशवीपलीकडे काही ठेवत नाही.

न्यायालय_चौकशी

मी वकिली करते आणि अपघात दाव्यांची कामे पाहते. चादरवाला यांना मिळालेल्या ७५ टक्क्यांमागे न्यायालयीन निकाल आहेत. खाजगी म्हणून विमा काढलेली गाडी टॅक्सीप्रमाणे वापरात असताना पळवून नेली गेली, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की चोरीचा आणि वापराच्या अटीच्या भंगाचा संबंध नाही, म्हणून संपूर्ण नकार देता येणार नाही. आणि ७५ टक्के रक्कम मान्य केली. भाड्याने दिलेल्या गाडीच्या अपघातातही २०१० मध्ये त्याच धर्तीवर निकाल दिला. तरीही हा हक्क म्हणून गृहीत धरू नये. ती तडजोड आहे आणि तिच्यासाठी झगडावे लागते.

थर्ड पार्टीच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. दुसऱ्याचा मृत्यू किंवा इजा झाल्यास खाजगी गाडीच्या विमा कंपनीच्या दायित्वाला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र ७.५ लाख रुपयांची मर्यादा आहे. अटीचा भंग सिद्ध झाला, तर न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी जखमींना भरपाई द्यायला सांगते आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे कधीतरी नेलेल्या चार गठ्ठ्यांपायी तुमच्या यजमानांवर लाखोंची वसुली येऊ शकते.

सोबतच्या दोघींबद्दल. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असती, तर खाजगी गाडीत बसलेल्यांना संरक्षण मिळाले नसते. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचे नुकसान असे दोन्ही भाग असलेल्या पॉलिसीत, मात्र त्यांच्याबाबत कंपनीचे दायित्व असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. राहिला पेट्रोलच्या पैशांचा मुद्दा. पॉलिसीत 'भाडे' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. प्रत्यक्ष झालेल्या इंधनखर्चाचा वाटा घेणे आणि दरडोई ठरावीक रक्कम आकारून त्यातून नफा मिळवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु ठरलेल्या मासिक रकमेला समोरचा वकील भाडेच म्हणेल. त्या दोघी तुमच्याच कर्मचारी आहेत, तेव्हा माझा सरळ सल्ला असा की त्यांच्याकडून पैसे घेऊच नका.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगते, कारण आपल्याकडे असंख्य घरांत गाडी पतीच्या नावावर असते आणि चालवते पत्नी. पॉलिसीतील १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकाला, तोही त्याच्याकडे वैध परवाना असल्यासच, लागू होतो. तुम्ही रोज त्या सीटवर बसता, पण ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीत. शिवाय मालकाकडून गाडी घेऊन चालवणारी व्यक्ती मालकाच्याच जागी उभी राहते आणि स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात त्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. तुमच्या नावाने अपघात विमा असायलाच हवा : एकतर याच पॉलिसीत नावानिशी जोडून घ्या किंवा स्वतंत्र काढा.

हातमाग_१३

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. शेवटचा मुद्दा वाचून मी पॉलिसी काढून पाहिली. मालक-चालकाच्या रकान्यात खरोखर ह्यांचेच नाव आहे आणि वारसदार म्हणून माझे. इतकी वर्षे तो कागद गाडीच्या कप्प्यात घेऊन मीच फिरत होते. पेट्रोलचे पैसे या महिन्यापासून बंद केले आहेत. गठ्ठ्यांसाठी आमच्या शेजारच्या कारखान्याच्या टेम्पोत भागीदारी करायचे बोलणे झाले आहे. एजंटांशी पुढे बोलताना कशाचा आग्रह धरावा?

पाहणीदार

ताई, तोंडी काहीही स्वीकारू नका. तुमच्या नावाचा अपघात विमा आणि इंजिनाचे संरक्षण पॉलिसीच्या पत्रकावर छापून आले पाहिजे आणि त्यांपुढे हप्त्याची रक्कम दिसली पाहिजे. रक्कम नसेल तर संरक्षण नाही असे समजावे. शंका असलेला प्रत्येक वापर विमा कंपनीला, एजंटांना नव्हे, ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे वाद झालाच, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. आणि नूतनीकरण मुदतीच्या आत करा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ४५ टक्क्यांचा बोनसही जातो.