परदेशात मिळालेलं जमिनीवरचं कासव: जात कोणती, आणि घर कसं करायचं?

नवपालक

सध्या परदेशात आहे. देश सोडून जाणाऱ्या कुटुंबाने त्यांचं कासव दिलं. 'सुलकाटा आहे, मोठं होईल' एवढंच सांगितलं, कागद काही नाहीत. लांबी 14 सेंमी, वजन 480 ग्रॅम. रंग पिवळसर, त्यावर काळे डाग. पुढच्या पायांना पाच-पाच नखं. मागच्या मांड्यांवर शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. मानेच्या वर, कवचाच्या कडेला मधोमध एक अरुंद खवला आहे. शेपटीवरचा खवला अखंड.

आत्ता ते 90 x 45 सेंमीच्या काचेच्या टाकीत आहे. खाली लाकडाचा भुसा, वर एक लाल बल्ब. खायला काकडी आणि लेट्यूस. दिवसभर काचेला धडका देत फिरतं. ओळखीतले एक जण त्यांचं रशियन कासव जोडीला द्यायला तयार आहेत, घ्यावं का? आणि पुढे मायदेशी परतताना सोबत नेता येईल का?

खवलेवाला

सुलकाटा नाही. मानेवरचा तो अरुंद खवला सुलकाटाला नसतो, स्टार आणि बिबट्या कासवालाही नसतो. तुम्ही तो बघितलात, तिथेच निम्मा प्रश्न सुटला. उरतो भूमध्य प्रदेशाचा गट, म्हणजे टेस्टुडो:

- रशियन (हॉर्सफील्ड): पुढच्या पायांना चारच नखं. बाद.
- हर्मन: मांडीवर काटा नाही, शेपटीच्या टोकाला मात्र शिंगासारखं कठीण टोक. बाद.
- मार्जिनाटा: मांडीवर काटा नाही, मोठेपणी कवचाची मागची कड झालरीसारखी बाहेर पसरते. बाद.
- ग्रीक (टेस्टुडो ग्रेका): दोन्ही मांड्यांवर काटा, शेपटीला कठीण टोक नाही. तुमचं हेच.

शेपटीवरच्या खवल्यावर फार विसंबू नका. हर्मनमध्ये तो बहुधा दुभागलेला आणि ग्रीकमध्ये अखंड असतो, पण दोन्हींत अपवाद पुष्कळ. मांडीचा काटा जास्त भरवशाचा.

अडचण पुढे आहे. ग्रीक कासवं स्पेन-मोरोक्कोपासून इराणपर्यंत सापडतात आणि सगळ्यांच्या सवयी एक नाहीत. तुर्कस्तानाकडची मोठी, गडद कासवं हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात. ट्युनिशियाकडची लहान, उजळ पिवळी असतात आणि त्यांना लांब शीतनिद्रा सोसत नाही. फोटोवरून उपजात छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जपून राहा. आधीच्या कुटुंबाला एकच विचारा: हे मुळात कुठल्या देशातून आलं? ते कळेपर्यंत शीतनिद्रा द्यायची नाही. एक हिवाळा उबेत जागं राहिल्याने काही बिघडत नाही, चुकीच्या उपजातीला थंडीत झोपवलं तर जीव जाऊ शकतो.

इथे फोटो टाकायचे तर वरून, पोटाकडून, मागून शेपटीसकट, आणि पुढचा पाय जवळून असे चार टाका. पोटाचा फोटो घेताना कासव उचलून आडवंच धरा आणि खालून टिपा, उलटं करून ठेवू नका.

माती_आणि_ऊन

घराबद्दल. टाकी आजच बदलता येत नसेल तर बाहेरून चारही बाजूंना कागद चिकटवा. पारदर्शक भिंत त्याला भिंत वाटतच नाही, म्हणून धडका. शिवाय खोल टाकीत हवा कोंडते आणि गार कोपरा उरत नाही.

कायमचं घर म्हणजे वरून उघडं लाकडी टेबल. एवढ्या कासवाला किमान 180 x 90 सेंमी, भिंती अपारदर्शक आणि 35-40 सेंमी उंच. कोपऱ्यात दगड किंवा कुंडी नको, त्यावर चढून ते बाहेर पडतं नाहीतर पाठीवर आपटतं.

भुसा काढून टाका. त्यात नीट खणता येत नाही, धूळ डोळ्यांत जाते आणि हवा कोरडी पडते. साधी बागेची माती तीन भाग, वाळू दोन भाग, थर 15 सेंमी. कुंड्यांसाठी मिळणारी तयार माती नको, त्यातले खताचे आणि पर्लाइटचे दाणे ते खातं. खालचा थर किंचित ओलसर, वरचा कोरडा. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यात ओता, म्हणजे ते खाली उतरतं. मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये.

लाल बल्ब काढा. एका टोकाला साधा पांढरा हॅलोजन, झोत रुंद असलेला. बारीक झोताचा बल्ब पाठीचा मधलाच भाग भाजतो आणि बाकी अंग गारच राहतं. कवचाच्या उंचीवर 32 ते 35 अंश, गार टोकाला 20-22. रात्री सगळे दिवे बंद, तापमान 15-18 पर्यंत उतरलेलं चांगलं. खोली त्याखाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर.

अतिनील किरणांसाठी टी५ प्रकारची (बारीक ट्यूबलाइटसारखी) 12 टक्के यूव्हीबीची नळी, मागे परावर्तक, कवचापासून साधारण 40 सेंमीवर आणि हॅलोजनच्या शेजारी, म्हणजे ऊब आणि अतिनील किरण एकाच जागी मिळतात. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, जाळीनेही बराच भाग अडतो. अतिनील मोजणारा मीटर मिळाला तर कवचाच्या उंचीवर अतिनील निर्देशांक 3-4 बघा. मीटर नसेल तर नळी वर्षाने बदला: दिसायला चालू असली तरी अतिनील मात्रा उतरलेली असते. लहान पिळाच्या दिव्यांचा पल्ला या आकाराच्या टेबलाला पुरत नाही.

हवा चांगली असेल तेव्हा बाहेरच ठेवा, कुठलाही दिवा उन्हाची बरोबरी करत नाही. बाहेरच्या कुंपणाचा पाया जमिनीत 25-30 सेंमी हवा, वर जाळी हवी (कावळे, उंदीर, कुत्रे) आणि सावली हवीच हवी.

हिरवा_पाला

काकडी आणि लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी. त्याऐवजी डँडेलियन (पिवळ्या फुलांचं रानरोप), जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, औषध न मारलेलं रानगवत. फळ नको, या जातीच्या आतड्यात त्याने आंबवण होऊन जुलाब आणि जंत वाढतात. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आठवड्यातून दोन-तीनदा पाल्यावर चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट, आणि टेबलात कायम एक माकुलीचं हाड.

14 सेंमीला 480 ग्रॅम हलकं वाटतं. अर्थात एका वजनावरून काही ठरत नाही, दर आठवड्याला ठरल्या वेळी, अंघोळीआधी वजन करून लिहून ठेवा. पहिले दोन आठवडे रोज 15-20 मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी वरचं आणि खालचं कवच जुळतं तिथपर्यंतच. लघवीसोबत पांढरं बाहेर येईल, ते टूथपेस्टसारखं मऊ असेल तर ठीक. बोटांना रेतीसारखं लागलं तर शरीरात पाणी कमी आहे.

कवचावर तेल, पॉलिश काही लावू नका. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, निरोगी दिसणाऱ्या कासवातूनही साल्मोनेला जंतू येतो.

खवलेवाला

जोडीदाराचं राहिलं: नको. कासव एकटं राहिल्याने दुःखी होत नाही. ग्रीक कासवं बाहेरून ठणठणीत दिसत असताना हर्पीसचा विषाणू बाळगू शकतात, आणि तोच रशियन किंवा हर्मनला मारतो. जाती कधीच एकत्र करायच्या नाहीत. आत्ताही विष्ठा तपासून घ्या. जंत निघाले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य बहुधा फेनबेंडॅझोल वजनावरून देईल. आयव्हरमेक्टिन (हेही जंतांवरचंच औषध) कोणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या, कासवांसाठी ते जीवघेणं आहे.

नियमपुस्तक

नेण्याबद्दल. जमिनीवरच्या कासवांचं अख्खं कुळ साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. ग्रेका परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे सीमा ओलांडण्याआधी निघण्याच्या देशाचा निर्यात परवाना लागतो, पोचण्याच्या देशाचे नियम वेगळे. 'माझं पाळीव आहे, सामानासोबत नेतो' ही सवलत जिवंत प्राण्याला नाही. युरोपीय संघाच्या स्वतःच्या यादीत ग्रेका परिशिष्ट अ मध्ये आहे, तिथे विकायलाही प्रमाणपत्र लागतं.

तुमच्याकडे मूळ कागदच नाहीत, त्यामुळे तिकीट काढण्याआधी, खरं तर आत्ताच, तुम्ही राहता त्या देशाच्या साइटीस प्राधिकरणाला लेखी कळवा. आधीच्या कुटुंबाकडून कासव कधी आणि कुठून आलं याचं सहीचं पत्र घ्या, ते देश सोडून गेल्यावर ते मिळवणं कठीण. परवाना नाहीच मिळाला तर तिथल्याच नोंदणीकृत संस्थेकडे द्या. रानात सोडणं हा पर्याय नाही, वर सांगितलेला विषाणू तिथल्या कासवांपर्यंत जाईल.

नवपालक

पत्र मागितलं आहे. ते म्हणतात कासव ट्युनिशियातून आलं होतं. नळी आणि हॅलोजन दोन्ही किती तास?

माती_आणि_ऊन

ट्युनिशिया असेल तर लांब शीतनिद्रेचा विषय सोडा. उन्हाळ्यात 12-13 तास, हिवाळ्यात 10. दोन्ही एकाच टायमरवर.