मदत हवी आहे : बाळाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये करावा?

मी कॅथलिक असून माझे पती पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीत वाढलेले आहेत. बिशपांची परवानगी घेऊन आमचे लग्न झाले, तेव्हा मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन मी दिले. पतींना त्याची केवळ कल्पना देण्यात आली. आता सासूबाईंनी पतींच्याच बाप्तिस्म्याचा पांढरा झगा बाळासाठी धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने दिलेला त्यांच्याकडचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही ग्राह्य धरते. तरीही माझ्या वचनाचे काय, हा प्रश्न उरतोच. अशा संसारातील जोडप्यांनी काय निर्णय घेतला, आणि आमचे फादर व पतींच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) यांच्याशी एकत्र बोलणे कसे साधले, हे कृपया कळवावे.