वीस वर्षं विमान उडवलं, आता जाऊ द्या म्हटलं तर चुकलं काय?

जुना_गणवेश

मुद्दा सरळ मांडतो. हवाई दलातल्या पायलटची वीस वर्षं भरली, पेन्शन बसली, की पुढं थांबायचं का बाहेर पडायचं हे त्याचं त्यानं ठरवावं. आज तसं नाही. अर्ज करावा लागतो, तो दिल्लीला जातो, आणि तिथं 'सेवेची गरज' हे दोन शब्द लिहून परत येऊ शकतो.

मी हेलिकॉप्टरवाला. नोकरी पूर्ण करून संभाजीनगरात स्थायिक झालोय, त्यामुळे हे माझं रडगाणं नाही. पण इथं एसपीआय आहे, राज्य सरकारनं १९७७ साली काढलेली, पोरांना एनडीएसाठी तयार करणारी संस्था. तिथली पोरं अधूनमधून गप्पा मारायला येतात, कधी त्यांचे वडील येतात. गावात फ्लेक्स लागलेला असतो, फ्लेक्सवर पोराच्या मागं राफेल असतं. राफेलमधून उतरल्यावर काय करायचं, हे विचारणारा बाप मला अजून भेटायचाय.

हिशेब बघा. पोरगा बाविशीच्या आसपास दुंडिगलच्या हवाई दल अकादमीतून फ्लाइंग ऑफिसर होऊन निघतो. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंत मुदत भरली की पट्टी चढते. ग्रुप कॅप्टन व्हायला मात्र सिलेक्शन बोर्ड. आणि एका स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, सीओ (प्रमुख) एकच. मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा उरल्या २९. तेजस मार्क-१ए मार्च २०२४ पासून यायला लागणार होतं, इंजिनांपायी ते लांबत गेलं. म्हणजे खुर्च्या कमी, दावेदार तेवढेच. ज्यानं पस्तिशीत मास्टर ग्रीन रेटिंग काढलं, म्हणजे ढगात-धुक्यात नुसत्या उपकरणांवर विमान खाली आणण्यात जो सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला, तो बेचाळिशीत मेसच्या पडद्यांच्या कोटेशनवर सह्या करत बसतो. त्याला धरून ठेवून देशाचं नेमकं काय राखलं जातं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

---

लातूर_पॅटर्न

सर, आदर राखून सांगतो, हे पटलं नाही.

त्या पोराला पिलाटस या शिकाऊ विमानावर बसवलं, मग किरण, मग बिदरला हॉक, मग स्क्वाड्रनमध्ये कित्येक वर्षं इंधन जाळून 'फुल्ली ऑप्स', म्हणजे लढाईला पूर्ण तयार केलं. त्यातला एक रुपया त्याच्या बापानं भरला नाही. तोच पोरगा बाहेर सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करायला गेला असता तर शेत विकावं लागलं असतं. कॅगचा अहवाल उघडून बघा: २०१५ च्या सुरुवातीला हवाई दलात ४८६ पायलट कमी होते, २०२१ संपता संपता ५९६ झाले. तुटवडा असताना दार सताड उघडायचं? आणि बाहेर एअर इंडियानं २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोनं ५००. ती उडवायला माणसं कुठून येणार, तुम्हीच सांगा. हक्क देऊन टाकला तर दोन-तीन वर्षांत मधली फळी रिकामी होईल.

आमच्याकडं सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या पोरालाही बाँड करावाच लागतो. तो कुरकुरतो, पण ग्रामीण रुग्णालयात जातो.

---

जुना_गणवेश

बाँडचं तुम्हीच काढलंत ते बरं केलं. तो बाँड एका वर्षाचा. नसेल करायचा तर दहा लाख भरून मोकळं व्हायची सोय होती. मुदत ठरलेली, किंमत ठरलेली, पोराला पहिल्या दिवशी दोन्ही माहीत. पायलटला तेवढंच सांगा की! वीस म्हणा, बावीस म्हणा, पैसे भरून घ्या. फक्त आकडा सांगा. आत्ता एकाच वर्षात अर्ज केलेल्या दोघांपैकी एक सुटतो, दुसरा राहतो, आणि दुसऱ्याला का राहिला ते कळत नाही.

आणि कॅगचे ते आकडे २०१५ आणि २०२१ चे आहेत. या सगळ्या काळात जायचा हक्क कुणालाच नव्हता, तरी तुटवडा वाढलाच ना? भरती आणि प्रशिक्षणाचं गणित चुकतंय, त्याची भरपाई बेचाळिशीच्या माणसाला अडवून करायलेत.

---

कोरडवाहू

आम्हाला सोयाबीनला हमीभाव मिळंना आन् इथं विंग कमांडरला करमंना. चालू द्या.

---

जुना_गणवेश

@कोरडवाहू, पगाराचं लपवत नाही. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००, सैनिकी सेवा वेतन १५,५००, वर महागाई भत्ता, आणि सातव्या आयोगाप्रमाणे २५,००० फ्लाइंग भत्ता. पैशाची तक्रार मी केलेलीच नाही. वर परत वाचा.

---

देगलूरची_सून

नवरा हवाई दलाच्या ट्रान्सपोर्ट विमानांवर आहे, अजून सेवेत, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तुम्ही दोघं एका दाराभोवतीच फिरताय. बाहेर पडावंसं का वाटतं, ते बोला ना.

आमच्या घरात काळ्या ट्रंका आहेत, झाकणावर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव. हुद्दा बदलला की मी थिनर घेऊन आधीची अक्षरं पुसते आणि नवी काढते. एका ट्रंकेवर अजून 'फ्लाइट लेफ्टनंट'मधला 'फ' खालून दिसतो. त्यातल्या दोन ट्रंका गेल्या दोन बदल्यांत उघडल्याच नाहीत. त्यात माझी बीएडची पुस्तकं आहेत. दर अडीच-तीन वर्षांनी नवी शाळा, नवं डेमो लेक्चर, 'तुमच्या मिस्टरांची बदली कधी आहे?' हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. केंद्रीय विद्यालयात मुलांना प्रवेश मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलगी आसामात असताना आजीशी फोनवर हिंदीत बोलायला लागली. सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि फोन माझ्याकडं दिला.

ह्यांना वैताग येतो तो उडण्याचा नाही. पहाटे उठून मेट (हवामानाच्या) ब्रीफिंगला जाणारा माणूस आजही शीळ घालत जातो. वैताग येतो तो बदलीचं पत्र ऐन परीक्षेत येतं तेव्हा. दहावी-बारावीच्या पालकांना एका जागी थोडं जास्त थांबू देतात, पण आपली पाळी येईल तेव्हा मिळेलच, असं ठामपणे कुणी सांगत नाही. ते ठाम करा, अर्धे अर्ज आपोआप कमी होतील. जाण्याच्या हक्कापेक्षा मला हे जास्त हवंय.

---

सार्जंट_परभणी

लई वेळ वाचायलोय, आता लिहितोच. नमस्कार सर, नमस्कार ताई.

सायबाच्या विमानाखाली मी वीस वर्षं काढली. सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, चाळीस मिनिटांची. त्याआधी आम्ही अंधारात टॉर्च घेऊन इंजिनाच्या इनटेकमध्ये डोकं घालायचं, टायर बघायचं, पिना मोजायच्या. विमान परत आलं की सायब डिब्रीफिंगला, आम्ही परत खाली. जोधपूरला मे महिन्यात विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावून बघा एकदा. तर सायबाच्या निराशेवर एवढी चर्चा होते, आमच्यावर कधी झाली नाही, एवढंच मनाला लागतं.

आम्हालाही बाहेरची नोकरी धरायची तर एनओसी लागते. आणि आता तर नवीनच तऱ्हा आहे. अग्निवीर म्हणतो मला राहू द्या, त्याला चार वर्षांनी घरी पाठवणार. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार. पायलट म्हणतो मला जाऊ द्या, त्याला ठेवणार. ज्याला जे पाहिजे ते सोडून बाकी सगळं द्यायलेत.

पण सर, तुमच्या मागणीला माझा विरोधच आहे. कारण सांगतो. विंग कमांडर गेला तर त्याला विमान कंपनी आहे. मागं राहतो तो कच्चा फ्लाइट लेफ्टनंट, आणि त्याला शिकवायला कोणी नाही. चूक झाली की आधी विमानाची फाइल सील होते आणि सही करणाऱ्या टेक्निशियनला बोलावणं येतं. अनुभवी सायब स्क्वाड्रनमध्ये असला की आम्ही निवांत झोपतो. तो पडद्यांवर सह्या करत असंल तर पडदे काढून घ्या त्याच्याकडून. घरी कशाला पाठवता?

---

लातूर_पॅटर्न

सार्जंट साहेब, मनातलं बोललात. +१

आणि सर, टेबलावरच्या ज्या कामाला तुम्ही नाक मुरडताय ते सगळंच पडद्यांचं नसतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा कुठून किती विमानं, कोणतं शस्त्र, कुठल्या उंचीवरून, परतीची वाट कोणती, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलंच असेल ना? ज्यानं स्वतः कधी ते उडवलं नाही तो हे ठरवू शकतो का? बेचाळिशीचा माणूस कॉकपिटमध्ये नाही म्हणजे वाया गेला, हे गणितच मला चुकीचं वाटतं.

---

जुना_गणवेश

ऑपरेशन्सच्या टेबलाला मी नाक मुरडलेलं नाही. त्या टेबलावर बसायला कुणीही धावत जाईल. पण तिथं बसणारे किती आणि इतर टेबलांवर किती? पायलटांना ड्रोनच्या युनिटवरही पाठवत आले. जाताना कुणी पेढे वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वेपन सिस्टिम्स ही वेगळी शाखा काढली, त्यात क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि दोन आसनी विमानातला मागचा माणूस, हे सगळं आलं. फ्लाइंग प्रशिक्षणाचे ३,४०० कोटींहून जास्त वाचतील असं तेव्हाचे हवाई दल प्रमुख व्ही. आर. चौधरी म्हणाले होते. (आपल्याच हदगाव तालुक्याचं मूळ. फ्लेक्स लावायचाच तर त्यांचा लावा.) म्हणजे पायलटला नको त्या जागी वापरणं महाग पडतं, हे त्यांनाही मान्य आहे. मग उरलेल्या नको त्या जागांचं काय?

युद्धकाळात, तणावात हक्क गोठवा. ते कायद्यात लिहा. माझी हरकत नाही.

सार्जंट, तुमचं म्हणणं मला बोचलं, पण उत्तर आहे. मन उडालेला माणूस जबरदस्तीनं ठेवला तर तो पोरांना शिकवेल काय? तांबरमचा इन्स्ट्रक्टर कोर्स करून कागदावर तो शिक्षक होईल. मागच्या सीटवर बसून गप्प राहणारा शिक्षक.

---

उजवी_सीट

मी फायटरवर होतो, रीतसर सुटलो, आता एका विमान कंपनीत आहे. दोन्हीकडून थोडं थोडं.

बाहेर लाल गालिचा नाही. डीजीसीएचे (नागरी विमान खात्याचे) पेपर परत द्यावे लागतात. एअर रेग्युलेशन्स पाठ करताना पोरगी शेजारी सातवीचा भूगोल करत होती. टाइप रेटिंगला, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायच्या परवान्याला, खिशातून लाखांत गेले. मग उजवी सीट, म्हणजे को-पायलट. डाव्या सीटवरचा कॅप्टन माझ्यापेक्षा बराच लहान, आणि काम चोख. मी जेटची फॉर्मेशन नेली होती. तो मला पॅसेंजर घोषणेत 'कृपया' कुठं म्हणायचं ते शिकवत होता. पहिले काही महिने राग आला. त्याची त्यात काहीच चूक नव्हती.

तास? नागरी पायलटला वर्षाला एक हजारापर्यंत मुभा आहे आणि कंपनी ती पुरेपूर वापरते. फायटरवर त्यामानाने फारच थोडे उडायचो, पण त्या प्रत्येक तासाचं नंतर पोस्टमॉर्टेम व्हायचं. इथं लँडिंग नीट झालं तर कुणी चकार शब्द काढत नाही. ते मला अजून खटकतं. पाठीचा मणका मात्र खूश आहे. जी सूट घालून मान वळवत ज्यांनी वर्षं काढलीत त्यांना कळेल.

आणि सुटका इथंही नाही. कॅप्टनला वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. पण तारीख माहीत असते. त्यामुळे माझं मत जुना_गणवेश सरांच्या बाजूला, एका फरकानं: वीस फार लवकर होतात. बावीस-तेवीस करा. तोवर माणूस दोन पोरांना तयार करून जातो, सार्जंट साहेबांचीही झोप होते.

---

सार्जंट_परभणी

तेवीसला माझी ना नाही. पण आमची एनओसीपण त्याच कागदावर लिहा.

---

लातूर_पॅटर्न

माझी ना आहे. आज तेवीस, उद्या वीस, परवा ठरावीक मुदतीचे शॉर्ट सर्व्हिसवाले म्हणणार आमची चौदा वर्षं दहा करा. आणि देगलूरच्या ताईंच्या मुद्द्याला इथं कुणीच उत्तर दिलेलं नाही, पुरुषांनी तर नाहीच. बदलीचा कॅलेंडर पाळायला ना कायदा लागतो ना पैसा. आधी ते करा, मग हक्काचं बघू.

---

एसपीआय_अकरावी

नमस्कार सर, ताई, काका. मी अकरावीला आहे. हे सगळं वाचून घाबरलो नाही, पण एक विचारायचंय. सीपीएसएस एकदाच देता येते म्हणतात, खरं आहे का? आणि एनडीएच्या फॉर्ममध्ये हवाई दल पहिलं लिहिलं तर दुसरं काय लिहू?

---

जुना_गणवेश

खरं आहे. पायलटची ती संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालास तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद, मग एनडीएतून ये नाहीतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून. त्याआधी संभाजीनगरात चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जा; लांबचं अंधुक दिसत असेल तर आत्ताच कळू दे. उंची १६२.५ सेंटीमीटर लागते, आणि पायांची लांबीसुद्धा मोजतात.

दुसरं नेव्ही लिही. त्यांच्याकडंही विमानं आहेत.

---

देगलूरची_सून

आणि आईला हा धागा वाचून दाखव. फक्त बाबांना नको.