हॉररकोअर रॅप: कुठून सुरुवात करू, आणि हे लोक खरंच असे असतात का?

रात्रपाळी_नाशिक

जिममध्ये आणि गाड्यांच्या रील्सवर ते फोंक सतत वाजत असतं ना, टणटण घंटीवालं, त्याचा माग काढत अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या रॅपपर्यंत पोचलो. तिथल्या थ्री सिक्स माफिया या गटाचा १९९५ चा 'मिस्टिक स्टाइल्झ' हाती लागला आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवत नाही. कंपनीच्या बसमध्ये रात्री हेडफोन लावून ऐकलं की अंगावर काटा येतो. असल्या भयपटासारख्या रॅपला हॉररकोअर म्हणतात हे नंतर कळलं. पण शोधायला गेलो तर शेकडो अल्बम, निम्म्यांच्या कव्हरवर कवट्या नि रक्त, आणि दहातले आठ ऐकून कंटाळा येतो. नुसतंच 'याला मारलं, त्याला कापलं'. चांगलं कुठलं ते कसं ओळखायचं? माझ्या ताईने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, ही माणसं खरोखर असलं काही करत असतील तर तू का ऐकतोस? तिला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. जाणकारांनी जरा सांगा.

डेट्रॉईटकर

तू वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, चालेल ना? मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. हे संगीत माझ्या फार जवळचं आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

माझी कसोटी एकच: गाण्यात भीती कोणाला वाटतेय ते बघ. बोलणारा फक्त दुसऱ्याला घाबरवत असेल तर दोन गाण्यांत जीव विटतो. तो स्वतःच घाबरलेला असेल तर तो अल्बम तीस वर्षांनीही टिकतो.

ह्यूस्टनच्या गेटो बॉईज या गटापासून सुरू कर. १९८९ च्या अल्बममध्ये त्यांचं 'माइंड ऑफ अ ल्युनॅटिक' होतं, त्यात एक वेडा खुनी बोलतो. रिक रुबिन या निर्मात्याने त्या गाण्यांना नवा साज चढवून १९९० मध्ये अल्बम पुन्हा काढायचं ठरवलं, तेव्हा गेफन कंपनीने तो वितरित करायला सरळ नकार दिला. मला ते गाणं ऐकवत नाही. पण १९९१ मध्ये त्याच पोरांनी 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' केलं. आयझॅक हेझच्या एका सुरावटीवरची ती मऊ गिटार, आणि गटातला स्कारफेस सांगतोय की झोप लागत नाही, कोणीतरी पाठलाग करतंय. स्कारफेस पोरवयात मानसोपचार विभागात राहून आलेला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. हे गाणं त्याने आपल्या एकट्याच्या अल्बमसाठी लिहिलं होतं, कंपनीच्या मालकाने ते गटाला द्यायला लावलं. शेवटच्या कडव्यात गटातलाच बुशविक बिल येतो. हॅलोविनची रात्र आहे, तिघं मिळून एका धिप्पाड माणसाला बदडतायत, आणि मग कळतं की समोर कोणीच नाही, आपण रस्त्याच्या काँक्रीटवर मुठी आपटतोय, हात रक्ताने माखलेत. कवट्या नाहीत, सैतान नाही, तरी याच्याइतकं भेसूर रॅपमध्ये मी फार थोडं ऐकलंय.

आता माझं गाव. १९७३ साली जन्मलेला इशाम नावाचा पोरगा शाळेत असतानाच १९८९ मध्ये 'बूमिन वर्ड्स फ्रॉम हेल' काढतो. मोठ्या भावाबरोबर घरचीच कंपनी, रील लाइफ प्रॉडक्शन्स. हेवी मेटलच्या गिटारचे तुकडे, खाली जड ड्रम्स, वर त्याचा कोवळा आवाज. हॉररकोअर हा शब्द त्याचा नाही, तो याला ॲसिड रॅप म्हणायचा. हे असं इथेच का उगवलं ते समजून घ्यायचं तर डेट्रॉईट बघायला हवं. १९५० साली शहरात साडेअठरा लाख माणसं होती, १९९० ला सव्वादहा लाख उरली. कारखाने गेले, घरं ओस पडली. हॅलोविनच्या आदल्या रात्रीला इथे 'डेव्हिल्स नाइट' म्हणत. पूर्वी त्या रात्री पोरं खोड्या काढायची, पुढे आगी लावायला लागली. १९८४ ला आठशेहून जास्त आगी लागल्या होत्या. माझा एक सहकारी त्या काळात पूर्व भागात वाढला. तो सांगतो, ३० ऑक्टोबरला वडील बागेतला पाइप नळाला जोडून रात्रभर ओसरीवर बसायचे, कारण शेजारची दोन्ही घरं रिकामी होती आणि त्यातलं एक पेटलं असतं तर त्यांचंही गेलं असतं. सोळा वर्षांच्या पोराने नरकावर गाणी लिहावीत यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे नव्वदीत लोकांनी गल्लोगल्ली गस्त घालून ते थांबवलं.

इशामचाच १९९२ चा 'जजमेंट डे' दोन भागांत आहे, दिवस आणि रात्र. रात्रीचा भाग ऐक. त्याच वर्षी इथल्याच इन्सेन क्लाउन पॉसी या जोडगोळीचा पहिला अल्बम आला आणि त्यात इशाम पाहुणा आहे. ही जोडगोळी पुढे तोंडं रंगवून प्रचंड मोठी झाली. डिस्नेच्या मालकीच्या कंपनीने १९९७ मध्ये त्यांचा 'द ग्रेट मिलेन्को' बाजारात आल्या दिवशीच परत मागवला, मग आयलंड या दुसऱ्या कंपनीने तो काढला.

ताईचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो फक्त तिलाच पडलेला नाही. २०११ मध्ये एफबीआयने याच जोडगोळीच्या चाहत्यांची गणना टोळ्यांमध्ये केली. अंगावर त्यांच्या कंपनीचा लोगो गोंदवलेल्या साध्या माणसांना पोलीस थांबवायला लागले. चाहते कोर्टात गेले, खटला फेटाळला गेला, २०१७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला मोर्चा काढला. रॅपच्या ओळी तर अमेरिकन कोर्टांत सर्रास पुरावा म्हणून वाचल्या गेल्यात. कॅलिफोर्नियाने त्याला आवर घालणारा कायदा केला तो २०२२ मध्ये. भयपटात खून दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला कोणी असं विचारत नाही, काळ्या पोराने तेच यमकात सांगितलं की कबुलीजबाब ठरतो. मला याचा मनापासून राग येतो.

मेघना_ज

डेट्रॉईटकर, कोर्टाबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के पटलं. कसोटी मात्र अर्धीच पटली. बोलणारा स्वतः घाबरलेला असला तरी या अल्बममध्ये मरते ती बहुतेक वेळा बाईच. ताईला पहिल्या दोन ओळींतच ते दिसलं असणार, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी अनेक गाणी पुढे सरकवते, बिनधास्त सरकवते.

पण रात्रपाळी, तू 'मिस्टिक स्टाइल्झ' ऐकतोयस तर त्यातला मुलीचा आवाज नीट ऐक. गँग्स्टा बू. अल्बम आला तेव्हा पंधरा वर्षांची होती. सहा जणांत एकटी मुलगी, आणि ती कोणाच्या गाण्यात मरायला आलेली नाही, भीती घालायला आलीय. आवाज चढवत नाही, शब्द चावून चावून टाकते. मला हा सगळा प्रकार आवडायला लागला तो तिच्यामुळे. १९९८ मध्ये तिचा स्वतःचा 'एन्क्वायरिंग माइंड्स' आला. १ जानेवारी २०२३ ला ती गेली, त्रेचाळीस वर्षांची होती. त्या गटातले लॉर्ड इन्फेमस २०१३ ला आणि कूप्स्टा निका २०१५ ला आधीच गेले होते. आता तो अल्बम लावला की सहातले तीन आवाज गेलेल्यांचे.

बीटवाला

तुझ्या घंटीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ती रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधली काउबेल. ते मशीन १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनलं. आत घंटा वगैरे नाही, ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन चौकोनी लहरी एकत्र वाजतात, म्हणून तो आवाज असा पत्र्यासारखा. मूळ मशीनवर तिचा सूर बदलता येत नाही. तो नमुना सॅम्पलरवर (आवाजाचा तुकडा साठवून वाजवणारं यंत्र) घेऊन वरखाली केला की घंटीची धून तयार होते.

आणि ती खरखर. मेम्फिसमध्ये डीजे स्पॅनिश फ्लाय, डीजे झर्क, टॉमी राइट तिसरा, डीजे पॉल ही मंडळी घरी रेकॉर्ड करून कॅसेटी विकत. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. प्रत्येक प्रतीत वरचे सूर झिजतात आणि फुसफुस वाढते. आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो तो त्यामुळे. मायामीच्या स्पेसघोस्टपर्प या रॅपरने तेच नमुने उचलले आणि फोंक हे नाव रुळवलं, मग रशियातल्या पोरांनी त्याचं ड्रिफ्ट फोंक केलं. आज संगणकावर स्वच्छ रेकॉर्ड करून वरून मुद्दाम खरखर घालतात. मी स्वतः घालतो. पण जुन्या टेपची सर येत नाही.

लॉर्ड इन्फेमसचे तीन-तीन शब्दांचे झटके बोटावर ताल धरून मोज. नंतर अख्ख्या ट्रॅप रॅपने तीच चाल धरली.

रात्रपाळी_नाशिक

एवढं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. 'माइंड प्लेइंग ट्रिक्स' काल रात्री चार-पाच वेळा ऐकलं. बुशविक बिलचं कडवं समजल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं. मेघनाताई, गँग्स्टा बूला ऐकतोच. न्यूयॉर्कचं काही घेऊ का? ग्रेव्हडिगाझ नाव सारखं दिसतं. आणि आत्ताचं कोणी आहे का?

डेट्रॉईटकर

मेघना, तुमचं म्हणणं मान्य आहे. माझी कसोटी गाणं टिकेल का ते सांगते, त्यात बाईला माणूस म्हणून जागा आहे का ते सांगत नाही. तो प्रश्न वेगळा विचारायलाच हवा.

रात्रपाळी, ग्रेव्हडिगाझ जरूर घे. '६ फीट डीप', १९९४, युरोपात दुसऱ्याच नावाने आला. चौघंही कंपन्यांनी बाजूला सारलेले: डे ला सोल गटाचा निर्माता प्रिन्स पॉल, त्याचा जुना साथीदार फ्रुक्वान, पोएटिक, आणि वू-टँग गटाचा रिझा. 'डायरी ऑफ अ मॅडमन'मध्ये कोर्टाचा देखावा आहे, आरोपी आपल्या अंगात काय शिरलं ते सांगतात. पोएटिकचा चिरका, फाटका आवाज त्या अल्बमचा प्राण आहे. २००१ मध्ये तो कर्करोगाने गेला.

ब्रदर लिंच हंगचा 'सीझन ऑफ द सिकनेस' (१९९५) लोक तुला पहिल्यांदा सुचवतील. सॅक्रामेंटोचा माणूस, बीट्सही सगळे त्याचेच, आणि बीट्स सुंदर आहेत. शब्द मात्र नरमांसभक्षणाचे. तो सर्वांत शेवटी ठेव, जेवणानंतर तर नकोच.

आत्ताचे म्हणशील तर लॉस एंजेलिसचा क्लिपिंग हा गट. २०१९ चा 'देअर एक्झिस्टेड ॲन ॲडिक्शन टू ब्लड' आणि २०२० चा 'व्हिजन्स ऑफ बॉडीज बीइंग बर्न्ड' एकापाठोपाठ एक ऐक. त्यांनी जुनं सगळं अभ्यासलंय, पण गोष्टीतला कॅमेरा फिरवलाय. पहिल्या अल्बमचा शेवटचा भाग म्हणजे खराखुरा पियानो जळतानाचं अठरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे. तो लगेच बंद करू नकोस, तारा एकेक करून तुटताना कळतात.

इशामचा पहिला अल्बम शोधताना एक बघ: तो पुढे पुन्हा काढला तेव्हा गाणी बदलली. त्यामुळे ऑनलाइन जे मिळेल त्यावर आधी वर्ष तपास, आणि १९८९ ची आवृत्ती कुठे सापडली तर इथे लिंक टाक, मलाही हवीय.