वर्ग मख्ख बसतो तो कुणामुळे?

पाटीपेन्सिल:
गेल्या आठवड्यात इथेच एका सन्मान्य सदस्यांनी लिहिलं की हल्लीच्या मुलांत जिज्ञासाच उरलेली नाही, वर्गात प्रश्न टाकला की चाळीस चेहरे मख्ख, सगळा मोबाइलचा प्रताप. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

अहो, मुलं मख्ख बसतात कारण ती हुशार आहेत. पहिलीतलं पोर घरी 'चंद्र आपल्या मागे का येतो' विचारून आईला भंडावतं. तेच पोर पाचवीत जाईपर्यंत ओळखून असतं की वर्गात विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतोच. बाईंना उत्तर ठाऊक असतं, ते पुस्तकात चौकटीत छापलेलं असतं, आणि आपण दुसरं काही बोललो तर काय होतं हेही ठाऊक असतं. मग 'समजलं का?' वर एका सुरात 'होऽऽ'. विषय संपला.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि पुढच्याकडे वळत, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. हेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. खर्च शून्य.

अलीकडेच एका शाळेत मागच्या बाकावर बसून विज्ञानाचा तास पाहिला. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं. सर म्हणाले, का? एक मुलगा म्हणाला, 'सर, आतली हवा तापून आधीच बाहेर गेली असंल.' सर म्हणाले, 'ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली, एकपंचमांश. लिहा.' सगळ्यांनी लिहिलं. त्या मुलानेही. आता सांगा, मोबाइलने कुणाचं काय खाल्लं?

बाराखडी_गुरुजी:
तीन सेकंद थांबा म्हणे! साहेब, मागच्या बाकावर बसणं सोपं असतं. आमची द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन इयत्ता. मी तिसरीसाठी तीन सेकंद थांबलो की तेवढ्यात चौथीतला एकजण दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घालतो.

शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळत नाही म्हणून पालकांच्या घरी चकरा, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर केंद्रप्रमुखांचा (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांचा) निरोप: '१२ वाजेपर्यंत माहिती सादर करावी, अन्यथा...'. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका. त्यातल्या निवडणुकीच्या फटीतून बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम आत शिरलं आणि उन्हाळ्याची सुट्टी मतदार याद्यांत गेली.

जिज्ञासेच्या योजना आम्ही बघितल्यात. २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला. ज्ञानरचनावाद! म्हणजे मुलाने स्वतः करून शिकायचं. साताऱ्याचं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) बघायला गाड्या भरभरून शिक्षक गेले. तिथल्या बायांनी खरंच काम केलं होतं, नाही म्हणत नाही. आमच्या तालुक्यात त्यातला फक्त ऑइलपेंट पोचला. फरशांवर अक्षरं-आकडे रंगवा, फोटो टाका. फरशीवर मूल बसलंय की नाही ते कुणी विचारलं नाही.

लातूरचा_पाव्हणा:
गुरुजींशी सहमत. आता माझं कडू ऐका. मी क्लासवाला आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. ऊसतोड कामगाराचं पोर आलं माझ्याकडं. त्याला म्हटलं, बाबा, प्रश्न नंतर विचार, आधी हे पाठ कर, रोज पेपर सोडव. पोरगं सरकारी मेडिकलला लागलं. त्याला 'तुला काय वाटतं रे' विचारत बसलो असतो तर आज कोयता हातात असता. जिज्ञासा ही पोट भरलेल्यांची चैन आहे.

चिंगीची_आई:
पाव्हणं, पोट भरलेल्यांनाही ती परवडत नाही हो. माझ्या मुलीला 'या कवितेतून तुम्हाला मिळालेला संदेश तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न होता. तिने लिहिलं, 'मला संदेश सापडला नाही, पण पावसाचं वर्णन आवडलं.' तीनपैकी शून्य आणि लाल शाईत 'पालकांनी भेटावे'. भेटले. बाई म्हणाल्या, गाइडमध्ये स्वमताची नमुना उत्तरं आहेत, ती पाठ करून घ्या. स्वमत पाठ करायचं! दहावीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणल्या त्या पोरांनी विचार करावा म्हणून ना? वर्षभरात बाजारात विचार तयार मिळायला लागले.

आणि धागाकर्त्यांनाही एक. तुमच्या गोष्टीत बोलणारा 'एक मुलगा'च का असतो? मुलीने वर्गात दोनदा 'पण का?' विचारलं की ती आगाऊ. मुलाने विचारलं की चौकस. हे तुमच्या रोबाईंनी मोजलं होतं का?

पाटीपेन्सिल:
ताई, तिथे खरोखर मुलगाच होता, त्याला मी काय करू? बाकी मुद्दा खरा आहे.

अण्णा_निवृत्त:
आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी घोकली. गुरुजींच्या हातात छडी असायची. वर्गात हूं की चूं नाही. तरी आमच्यातून इंजिनिअर झाले, कलेक्टर झाले. हे जिज्ञासेचं खूळ आत्ताचं.

तिरका_डोळा:
अण्णा, जे छडी खाऊन चौथीत शाळा सोडून गेले ते इथे प्रतिसाद द्यायला नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

प्रा_खट्याळ:
मूळ वादात मला रस नाही, पण मेणबत्ती निघालीच आहे तर गप्प बसवत नाही. रसायनशास्त्र शिकवतो. तो मुलगा बरोबर होता आणि सर चूक. 'ऑक्सिजन संपला म्हणून पाणी एकपंचमांश चढलं' हे मी स्वतः शाळेत पाठ केलंय आणि ते निखालस भंकस आहे.

पेला ठेवताना नीट बघा, कडेने बुडबुडे येतात. ती तापून पसरलेली हवा बाहेर पडत असते. ऑक्सिजन 'संपल्याने' पाणी चढत असतं तर मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढलं असतं. प्रत्यक्षात ज्योत विझली की मग झपकन चढतं, कारण आतली हवा गार होऊन आक्रसते. शिवाय बऱ्यापैकी ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. आणि जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतोच की. मेणाचं समीकरण मांडा: ३८ रेणू ऑक्सिजन खर्च, २५ रेणू कार्बन डायऑक्साइड जमा. वाफेचं पाणी होतं, ते सोडून द्या. म्हणजे सगळाच्या सगळा ऑक्सिजन जळाला असं धरलं तरी घट त्या ऑक्सिजनच्या जेमतेम एकतृतीयांश, आतल्या सगळ्या हवेच्या साधारण सात टक्के. एकपंचमांश कुठून आणता?

लातूरचा_पाव्हणा:
प्राध्यापक साहेब, परीक्षेत ऑक्सिजन लिहिलं की गुण, तुमचे बुडबुडे लिहिले की भोपळा. पोरांना काय शिकवू?

प्रा_खट्याळ:
म्हणजे चुकीचं आहे हे कळूनही तुम्ही तेच पाठ करून घेणार?

लातूरचा_पाव्हणा:
फी घेतो ना मी. तुमचा पगार निकालावर ठरत नाही, माझा ठरतो. आणि निकालाचं म्हणाल तर २०१९ आठवा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर. केवढी बोंब झाली! पुढच्याच वर्षी गुण परत. समाजाला विचार करणारी पोरं नको आहेत, पास झालेली हवी आहेत. मी फक्त माल पुरवतो.

प्रा_खट्याळ:
त्याच वर्षी अभ्यासक्रमही बदलला होता, ते सोयीस्कर विसरलात. असो. एकच पेला घ्या. आधी एक मेणबत्ती लावा, मग तीन. ऑक्सिजन तेवढाच आहे, म्हणजे पाणी दोन्ही वेळा सारखंच चढायला हवं. करून बघा आणि मग बोला.

अण्णा_निवृत्त:
तीन लावल्या तर ऑक्सिजन जास्त जळणार. साधा हिशोब आहे.

प्रा_खट्याळ:
अण्णा, पेल्यात आहे त्यापेक्षा जास्त कुठून जळणार?

तिरका_डोळा:
पावकी-निमकीत बसवा.

अण्णा_निवृत्त:
वयाचा मान ठेवून बोलायला शिका आधी. हेच तुमचं बौद्धिक वातावरण का?

पाटीपेन्सिल:
मंडळी, मेणबत्ती हा धाग्याचा विषय नव्हता.
आणि 'करून बघा' हे नवीन नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांत असं विज्ञान सुरू झालं. मुलं प्रयोग करणार, स्वतःचं निरीक्षण लिहिणार, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवणार. सरकारी शाळा, साधे शिक्षक. तीस वर्षं चाललं, शेकडो शाळांत पोचलं.

बाराखडी_गुरुजी:
आणि २००२ला तिथल्याच सरकारने बंद केलं. तेही लिहा की. दर महिन्याला शिक्षकांची बैठक, प्रयोगाचं साहित्य, अडलं तर येऊन बसणारी माणसं, एवढं सगळं मागे उभं होतं म्हणून ते तीस वर्षं टिकलं. माझ्यामागे गटावरचा निरोप आहे.

चिंगीची_आई:
प्रयोगवहीचं कुणीच का बोलत नाही? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं आधीच्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून उतरवायचं. प्रयोग व्हायच्या आधी निरीक्षण तयार! माझ्या मुलीने खरं निरीक्षण लिहिलं तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. आणि आकृती पेन्सिलीने नाही काढली म्हणून अर्धा गुण कमी, तो वेगळा.

लातूरचा_पाव्हणा:
आकृती पेन्सिलीनंच काढायची असते ताई. यात बाईंचं बरोबर आहे.

बाराखडी_गुरुजी:
प्राध्यापकांचं ऐकून 'आनंददायी शनिवारी' (त्या दिवशी उपक्रम घ्यायचे, अशी सरकारी योजना) मेणबत्त्या लावल्या. तिसरी-चौथी एकत्र. आधी अंदाज लिहून घेतला. वर्ग दोन बाजूंनी भांडायला लागला. तीन मेणबत्त्यांना पाणी सरळसरळ वर गेलं. चौथीतली एक पोरगी, जी हजेरीलाही तोंडात बोलते, ती उठून म्हणाली, 'गुरुजी, पेला आधी चुलीवर तापवून नुसताच उपडा ठेवला तर? मेणबत्तीच नको.' मला उत्तर द्यायचं होतं, दिलं नाही. ठेवून बघितला. पाणी चढलं.

याचा अर्थ मी धागाकर्त्यांचं मान्य केलं असा कुणी काढू नये. शनिवारी पहिली-दुसरीच्या बाई हजर होत्या म्हणून जमलं. सोमवारी त्या प्रशिक्षणाला गेल्या, चारही इयत्ता माझ्याकडे, मी फळ्यावर पाढे लिहून दिले.

प्रा_खट्याळ:
गुरुजी, त्या मुलीने पुराव्यातून मेणबत्तीच काढून टाकली! माझ्या पदवीच्या वर्गात हे कुणी विचारलेलं नाही. पेल्याचा आकार काय होता? पाणी किती चढलं, मोजलंत का?

लातूरचा_पाव्हणा:
पोरगी हुशार आहे. दहावीनंतर पाठवून द्या इकडं, फीचं बघू.

चिंगीची_आई:
तुम्ही तिला गप्प बसवणार, पाव्हणं.

लातूरचा_पाव्हणा:
दोन वर्षं. मग डॉक्टर होऊन हवं तेवढं बोलू दे.

बाराखडी_गुरुजी:
पेला घरचा, स्टीलचा नाही, काचेचा. पाणी मोजलं नाही. केंद्रप्रमुखांनी मात्र शनिवारच्या उपक्रमाचा फोटो मागितलाय आणि तो काढायचा राहिला, म्हणजे कागदोपत्री हा प्रयोग झालेलाच नाही. कुणाकडे चार पोरं आणि मेणबत्तीचा फोटो असेल तर पाठवा.